घरगुती फेसपॅक

घरात एरवीही असतात अशा स्वस्त वस्तू, म्हणजे पीठ, मध, दही, ओट्स, माती वगैरे कालवून चेहऱ्यावर थोडा वेळ लावायचा आणि मग धुवून टाकायचा लेप. संस्कृत वैद्यकग्रंथांत याला मुखलेप म्हणतात. घरी केलेला स्क्रब आणि टोनर पण बरेचजण याच्यातच धरतात.

उगम

याची सुरुवात अमुक एका ठिकाणी झाली असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही, पण लिहून ठेवलेल्या कृती बघायच्या तर इजिप्तच्या खूप जुन्या आहेत. एबर्स पपायरस (पपायरस म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, हा वैद्यकाचा, साधारण इ.स.पू. १५५० च्या आसपासचा मानतात) यात सुरकुत्यांसाठी धूपाचा डिंक, मेण आणि ताजं तेल यांचा लेप येतो. त्याहून जास्त चर्चा झालीये ती एडविन स्मिथ पपायरस या दुसऱ्या वैद्यकीय गुंडाळीच्या मागच्या बाजूच्या कृतीची, जी म्हाताऱ्याला तरुण करायची कृती म्हणून ओळखली जाते. तिच्यात 'हेमायेत' नावाचं फळ सुकवायचं, सोलायचं, उकळायचं, मग नदीच्या पाण्यात धुवत राहायचं, आणि झालं की नाही हे कळायला पाणी चाखून बघायचं, कडवटपणा राहिला नाही की झालं. पुढे वाटून परत उकळायचं आणि वर आलेलं तेल चमच्याने काढून घ्यायचं.

आता हे हेमायेत म्हणजे नक्की काय यावर वाद आहे. जुन्या अभ्यासकांनी मेथी म्हटलं आणि तेच पुढे बऱ्याच पुस्तकांत उतरत गेलं, अलीकडे कडू बदाम हे मत पुढे आलंय. दुसरं मत जास्त पटतं, कारण मेथीत तेल जेमतेम ५ ते ८ टक्के, ते उकळून वर तरंगून चमच्याने काढण्याइतकं निघणं अवघड, आणि बदामात ते निम्म्याच्या आसपास असतं. शिवाय कडू बदामातला कडू घटक पाण्याने खरंच निघून जातो, म्हणजे ते चाखून बघणं उगाच लिहिलेलं नाही.

कोल्ड क्रीमचं श्रेय रूढीने गॅलेन या ग्रीक वैद्याला (इ.स. दुसरं शतक) देतात: मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी. त्यातलं पाणी उडताना गार वाटतं म्हणून ते नाव.

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात (बहुधा सहावं-सातवं शतक) मुखलेपाचे तीन प्रकार दिलेत, दोष घालवणारा, विष घालवणारा आणि वर्ण सुधारणारा, आणि जाडी पण मोजून दिलीये, पाव, एक तृतीयांश आणि अर्धा अंगुळ (अंगुळ म्हणजे एका बोटाची रुंदी). त्यातली सगळ्यात मोलाची सूचना म्हणजे लेप सुकू द्यायचा नाही, सुकलेला लेप कांती बिघडवतो, काढताना आधी ओला करायचा आणि नंतर तेल लावायचं. आज बहुतेकजण नेमकं उलटं करतात, चेहरा ताणून कडक होईपर्यंत बसून राहतात. मातीचा लेप नाकाच्या कडेला आधी फिकट पडतो, तिथेच बारीक भेगा दिसायला लागतात, खरंतर तेव्हाच तो धुवायला हवा.

घटक

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच (आम्लता मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल) साधारण ४.५ ते ५.५. या थराला 'आम्ल आवरण' हे नाव १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी दिलं. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास आणि खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर, म्हणजे दोन्ही या पट्ट्याच्या बाहेर, एकाने आग होते आणि दुसऱ्याने त्वचा कोरडी पडते. लिंबाचं अजून एक आहे, त्यातली फ्युरोकुमॅरिन्स (उन्हात त्वचेला इजा करणारी द्रव्यं) त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग कित्येक आठवडे राहतात. डाग घालवायला म्हणून जे लावलं त्यानेच डाग, हे फार वाईट वाटण्यासारखं आहे आणि सहज टळण्यासारखं पण.

ओट्सची बाजू सगळ्यात भक्कम. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओट्सला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. चमचाभर पीठ कोमट पाण्यात ढवळलं की पाणी दुधासारखं होतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं, तो बीटा-ग्लुकन (ओट्समधला विरघळणारा तंतू), तोच ओलावा धरून ठेवतो. मध पण ओलावा धरतो, आणि पातळ केल्यावर त्यातल्या एन्झाइममुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड (जंतुनाशक) तयार होतं. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं पण कमी, त्यामुळे सौम्य. साखरेचे किंवा कवचाचे जाड स्क्रब चेहऱ्यासाठी नकोतच. घरी झिंक ऑक्साइड कालवून केलेलं सनस्क्रीन सुद्धा नको, पावडर एकसारखी पसरत नाही आणि मधेमधे उघड्या जागा राहतात.

टिकाऊपणा

पाणी असलेल्या लेपात प्रिझर्व्हेटिव्ह नसतो, जंतू लवकर वाढतात, म्हणून एका वेळेपुरताच कालवायचा. नवीन घटक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास बघतात. खाज किंवा लाली आली तर तो चेहऱ्याला लावत नाहीत.