जनसुनावणीत सगळे "नाही" म्हटले तरी खाण का थांबत नाही: परवानग्यांची पार्श्वभूमी

वणी, घुग्गुस, राजुरा या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कोळसा पट्ट्यातल्या माणसाला जनसुनावणी, म्हणजे प्रकल्प यायच्या आधी गावाचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक, काही नवी नाही. मंडप पडते, पाण्याच्या बाटल्या येतात, स्टेजवर साहेब लोक बसतात, अन् खाली आमची म्हातारी माणसं कोळशाच्या धुळीनं काळं पडलेलं कापसाचं बोंड हातात धरून माइकची वाट पाहतात. आमच्याकडच्या एका सुनावणीत शेजारचे काकाजी मला म्हणे, आपण सगळे नाही म्हटलं की झालं, खाण थांबली. तसं नसते. तिथं मतदान नसतेच. का नसते ते समजायला जरा मागं जावं लागते.

परवानगीचे कागद दोन जातीचे आहेत अन् लोक नेमकी इथंच गल्लत करतात. पहिला जुना, संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा कायदा केंद्राच्याही आधी १९६९ ला केला, १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं झालं. मग केंद्राचा जल कायदा १९७४ चा अन् हवेचा १९८१ चा. कन्सेंट साधारण दोनदा लागते, कारखाना उभा करायच्या आधी एक अन् चालू करायच्या आधी दुसरं, मुदत संपली की रिन्यू. २०१६ ला उद्योगांना प्रदूषणाचे गुण देऊन रंग ठरवले, तेव्हा ६० किंवा वर गेला की लाल, मग नारिंगी, हिरवा, पांढरा; २०२५ ला हे आकडे बदलले. २०१६ च्या यादीत औष्णिक वीज केंद्र, सिमेंट लालमध्ये, गिट्टीचं क्रशर नारिंगीमध्ये होतं. या कागदात गावाला कोणी विचारत नाही, तो मंडळ अन् मालक यांच्यातला मामला.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरी, अन् त्याची मुळं भोपाळमध्ये आहेत. डिसेंबर १९८४ मध्ये एका रात्रीत हजारो माणसं गॅसनं गेली, त्यानंतर १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला अन् त्याच कायद्याखाली १९९४ ला अधिसूचना निघाली, की मोठा प्रकल्प उभा करायच्या आधी त्याचा परिणाम काय होईल याचा अभ्यास करा. पण ज्यांच्या वावराशेजारी प्रकल्प येणार त्यांना विचारायचं, म्हणजे जनसुनावणीचं, कलम सक्तीचं झालं १९९७ ला. आधी कागद, मग माणूस, हा क्रम मला आजही खटकतो.

आता चालते ती २००६ ची अधिसूचना. मोठे प्रकल्प 'अ' गटात, ते दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाकडं जातात, बाकीचे 'ब' गटात, ते राज्याच्या प्राधिकरणाकडं. सुनावणीची ३० दिवस आधी पेपरात नोटीस, अध्यक्ष कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी, पूर्ण व्हिडिओ शूटिंग, अन् शेवटी काय काय बोलणं झालं त्याचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा. कमीत कमी किती माणसं हवी, म्हणजे कोरमची, अटच नाही, दहा माणसं आली तरी सुनावणी झाली. लोकांनी घेतलेला आक्षेप नोंदवला जाते, कंपनीला अंतिम अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागते, मग तज्ज्ञ समिती शिफारस करते, अन् निर्णय मंत्रालय किंवा प्राधिकरण घेते, गावाच्या मतांवर नाही. म्हणजे नुसतं "नाही" म्हणून भागत नाही, कोणत्या विहिरीचं पाणी उतरलं, कोणत्या रस्त्यानं किती ट्रक जातात, असं बोललं तरच ते कागदावर टिकते.

आमच्याकडं हे काही पुस्तकातलं नाही बरं का. २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी प्रदूषणात देशात चौथं आलं, अन् जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांतल्या नव्या मंजुऱ्याच काही काळ थांबवल्या होत्या.

मंजुरी मिळाली की खरं काम सुरू होते, अन् तिथंच आपण झोपतो. मंजुरीची कॉपी कंपनीनं ग्रामपंचायतीला द्यायची असते, अटी पाळल्या की नाही याचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी, १ जून अन् १ डिसेंबरला. मंजुरी मान्य नसेल तर हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टात, ३० दिवसांत अपील, उशिराचं कारण पटलं तर अजून ६० दिवस, त्यापुढं दार बंद. आमच्या पंचायतीतल्या कपाटात, घरपट्टीच्या रजिस्टरांखाली ती कॉपी मला सापडली तेव्हा तिच्यावरची तारीख होती दीड वर्षापूर्वीची. अटींमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ट्रकवर ताडपत्री झाकायची, रस्त्यावर पाणी मारायचं. त्याच दुपारी पंचायतीच्या दारातून उघडा कोळसा भरलेले ट्रक जाऊन राहिले होते.