जिनिंग कामगारांचा बहिरेपणा

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत वर्षानुवर्षे राबल्याने हळूहळू वाढणारा, बहुधा दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास. हिंगणघाट, वणी, अकोट, खामगाव या कापूसपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू झाले की उन्हाळ्यापर्यंत रोलर आणि पंख्यांचा आवाज पाळीभर कानावर आदळतो. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) हा सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, रोग होता; त्याखालच्या नियमांनुसार आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबेल होती.

आंतरकर्णातल्या शंखाकार नळीत आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीला ही सोय आहे, माणसाला नाही. नळीच्या तोंडाशी उंच स्वर आणि टोकाशी खालचे स्वर टिपले जातात. ही रचना उलगडणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. गोंगाटाचा पहिला घाव साधारण ४,००० हर्ट्झचे उंच स्वर टिपणाऱ्या पेशींवर बसतो. त्यामुळे ट्रॅक्टर, ढोल, बैलाचे हंबरणे ठीक ऐकू येते. स, श, फ मात्र गळतात. ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात. रुग्ण म्हणतो, “आयकू येते, पन समजत नाही.” घरचे म्हणतात, बुढ्याला मतलबाचं बरोबर ऐकू येतं. हा आरोप बहुतेकदा अन्यायाचा असतो. ओरडून बोलण्याचाही उपयोग नाही: हळू आवाज पोचत नाही, मोठा लगेच असह्य होतो. समोर बसून, सावकाश बोललेले अधिक कळते.

रुई हाताशीच असल्याने तिचा बोळा कानात घालणे सोपे, पण त्याने आवाज फारसा अडत नाही. दाबून नीट बसवलेला फोमचा बोळा कितीतरी सरस.

गेलेले श्रवण औषधाने परत येत नाही. डिजिटल श्रवणयंत्र ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) पाहून नेमके उंच स्वर वाढवते. बाजारातले स्वस्त मशीन सगळेच वाढवते, म्हणून ते लवकरच पेटीत पडते. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला बसवलेल्या बहुवाहिनी कॉक्लिअर इम्प्लांटचे (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या यंत्राचे) आजचे वारस केसपेशींना वगळून थेट श्रवणतंतूला विद्युत्संकेत देतात. मात्र ते तीव्र बहिरेपणासाठी आहेत. जिनिंगवाल्याचे खालचे स्वर शाबूत असतात, त्याला सहसा यंत्रच पुरते.

श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल हवेवर चालतो. स्टिकर काढले की तो न वापरताही उतरू लागतो आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी लवकर वाळतो. सेल वाचवायला मशीन काढून ठेवण्यात म्हणून फारसा फायदा नाही.