हार-जीत, मुलांच्या खेळातील

मुलांच्या खेळात चुरस किती असावी, जिंकण्याला कोणत्या वयापासून महत्त्व द्यावे आणि हे ठरवायचे कोणी, हा या नोंदीचा विषय. त्यासाठी वडोदरा, म्हणजे मराठी घरांत अजूनही म्हणतात ते बडोदा, डोळ्यांसमोर ठेवले आहे. कारण गल्लीतला खेळ स्पर्धेचा झाला, त्या वाटेवरची एक मोठी पायरी याच शहरात पडली.

मोठी माणसे जवळपास नसतात तेव्हाही मुलांना जिंकायचेच असते. फक्त डाव मोडू नये याची काळजी ती स्वतःच घेतात. सगळे भारी गडी एकीकडे गेले तर मजा येत नाही, म्हणून गडी पुन्हा वाटले जातात. मोठ्या बहिणीचा हात धरून आलेल्या पाच वर्षांच्या पोराला 'लिंबूटिंबू' करून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळते, हात लागला तरी बाद होत नाही आणि आपण खेळलो म्हणून खुशीत घरी जाते. हरल्यावर भांडण उकरून काढणाऱ्याला 'रडीचा डाव खडी' ऐकावे लागते. शेजारची गुजराती मुले तसल्या लबाडीला 'अंचई' म्हणतात. तुल्यबळ गट, लहानाला सवलत आणि लबाडीला चारचौघांत टोकणे, एवढे शहाणपण मुलांना कोणी शिकवलेले नसते.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले आणि त्यांची पहिली छापील पुस्तिका १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने काढली. त्याच्या आदल्याच वर्षी बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत हुतूतूचे सुधारलेले नियम लागू झाले होते. या छापील नियमांचे उपकार मोठे आहेत. गावोगावचे संघ एकाच मापाने खेळू लागले, वाद पंचाच्या शिट्टीवर मिटू लागले आणि पुढे १९७० चा अर्जुन पुरस्कार खो-खोसाठी बडोद्याच्या सुधीर परब यांना मिळाला. मात्र लिंबूटिंबूला त्या पुस्तिकेत जागा नव्हती. स्पर्धेत ज्याला हात लागला तो बाद, मग तो कितीही लहान असो.

ही उणीव वयोगटांनी भरून काढायची असते. खो-खोत किशोर गटाची पाळी मोठ्यांच्या नऊऐवजी सात मिनिटांची असते, ती याचसाठी. तरी कागदावरचे वय आणि अंगाची वाढ यांचा मेळ बसत नाही. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून चौथीतला वाटतो. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. त्याने खोट्या जन्मतारखेला आळा बसतो, पण वयोगटाच्या वर्षात उशिरा जन्मलेल्या मुलाचा तोटा भरून निघत नाही. निवडीच्या दिवशी अंगाने थोराड असलेला मुलगा 'गुणी' ठरतो आणि पुढचा सरावही त्यालाच मिळतो.

साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना मेहनत आणि उपजत कौशल्य यांतला फरक नीट कळत नाही, असे मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी दाखवले. म्हणून त्या वयातला पराभव 'माझ्यात काही कमी आहे' असा मनात घर करू शकतो. नॉर्वेत अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावत नाहीत आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा तेरा वर्षांनंतरच सुरू होतात. अमेरिकेत १९९२ च्या एका अभ्यासात प्रशिक्षकांना मुलांशी कसे बोलावे हे शिकवले, तेव्हा पुढच्या हंगामात त्यांच्याकडची ५ टक्के मुले खेळ सोडून गेली. तसे न शिकलेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के गेली. सामने दोघांनीही सारखेच जिंकले-हरले होते. प्रशिक्षकाच्या जिभेवर किती अवलंबून असते, हे याहून स्पष्ट कसे दिसणार?

बडोद्याच्या तालमींची रीत वेगळी होती. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रो. माणिकराव यांनी सांघिक कवायतीवर भर दिला. शेकडो मुले एका हुकुमावर हलत, तिथे पहिला-दुसरा काढायचा प्रश्नच नव्हता. मल्लखांबावरही पहिली साधी अढी, म्हणजे पायांची पकड, जमेपर्यंत मुलाची झुंज तेल लावलेल्या लाकडाशीच असते.

आज गुजरातभर खेल महाकुंभ (२०१० पासून) होतो, बक्षिसाची रक्कमही मिळते. मुले मैदानावर येतात हे चांगलेच आहे. पण पठाण आणि पंड्या भावांच्या गावात दहा वर्षांच्या पोराला 'भारताकडून खेळायचंय ना?' असे जाळीबाहेरून ओरडणारे बाबा भेटतात, तेव्हा जीव तुटतो.

खो-खोच्या गुणपत्रिकेत खरे तर एक सोय आहे. कोण किती वेळ पळाला, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेले असते. संघ हरला तरी 'दोन मिनिटे दहा सेकंद' ही पळती त्या मुलीची स्वतःची असते. मागच्या सामन्यात ती दीड मिनिटात बाद झाली असेल, तर आज ती चाळीस सेकंद पुढे गेली. चांगला प्रशिक्षक सामना संपल्यावर मुलींना मातीत गोल बसवतो आणि आधी ही पळती वाचून दाखवतो, निकालाचे बोलणे नंतर.

आयोजकांच्या हातात याहून मोठी गोष्ट असते. सोळा संघांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली की पंधरा सामन्यांत उरकते, पण आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. चार-चारचे गट करून साखळी घेतली, तर नुसत्या गटांचेच चोवीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. मैदान दोनच दिवस मिळते, पंचांचा भत्ता वाढतो, म्हणून बहुतेक जण बाद पद्धत घेतात. किशोर गटात एका सामन्याच्या चार पाळ्या म्हणजे अठ्ठावीस मिनिटे. वर्षभर रोज संध्याकाळी सराव केलेल्या त्या आठ संघांच्या वाट्याला तेवढीच येतात, आणि त्यांतला एखादा मुलगा विसाव्या सेकंदाला बाद होऊन बाहेर बसलेला असतो.