पंचांग आणि दिनदर्शिका: कशात काय बघायचं

दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, तरी इथल्या कित्येक घरांत तिथी बघायची ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. सण, सुट्टी, संकष्टी एवढंच हवं असेल तर ते पुरतं. दिनदर्शिकेचा चौकोन म्हणजेच पंचांगाची ओळ, असं धरून चाललं की घोळ होतो.

चौकोनात ठळक छापलेली तिथी ही सूर्योदयाच्या वेळची असते. तिथी साधारण २० ते २७ तास चालते, त्यामुळे ती केव्हाही संपू शकते. सकाळी १० ला अष्टमी संपून नवमी लागली, तरी चौकोनात दिवसभर अष्टमीच दिसते. वर्षश्राद्धाला मात्र अपराह्णातली तिथी धरतात. दिवसाचे ५ भाग केले की चौथा भाग तो अपराह्ण, म्हणजे आपल्याकडे साधारण दुपारी दीड ते चार. नवमीचं श्राद्ध याच दिवशी येऊ शकतं आणि चौकोन बघणारा ते दुसऱ्या दिवशी धरून बसतो. काही दिनदर्शिका समाप्तीची वेळ बारीक टाइपात देतात. ती वाचायची सवय लावून घ्यावी. योग आणि करण या पंचांगाच्या पाचांपैकी दोन अंगांसाठी मात्र पंचांगच उघडावं.

दुसरी अडचण गावाची. तिथी संपण्याची घड्याळी वेळ भारतभर एकच, सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ३ अंश, म्हणून इथे सूर्य सरासरी १२ मिनिटं आधी उगवतो. ऋतूप्रमाणे दोन-तीन मिनिटं कमीजास्त. समजा, सप्तमी सकाळी ६:३४ ला संपते. मुंबईत सूर्योदय ६:४० ला, म्हणजे तिथे दिवस अष्टमीचा. सोलापुरात तो ६:२७ ला, म्हणून इथे सप्तमी. असं रोज होत नाही, पण होतं तेव्हा मुंबईच्या वेळांवर छापलेली दिनदर्शिका सोलापूरकराच्या कामाची राहत नाही. चंद्रोदयाचं तसंच. राहुकाळ, म्हणजे शुभकामाला टाळायचा रोजचा काळ, तर दिनमानाचा (सूर्योदय ते सूर्यास्त) आठवा भाग: सोलापुरात डिसेंबरात सुमारे ८३ मिनिटं, जूनमध्ये ९९. सरसकट ‘दीड तास’ धरणं हा निव्वळ आळस.

पंढरीच्या वाटेवरच्यांनी एकादशीपुढचा ‘स्मार्त’ किंवा ‘भागवत’ हा शब्दही वाचावा: भागवत ती वारकरी-वैष्णवांची, स्मार्त ती इतरांची. सूर्योदयाआधीच्या ४ घटींत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमी असेल तर भागवत एकादशी पुढच्या दिवशी जाते.

आणि वर्ष. दिनदर्शिका १ जानेवारीला बदलते. पंचांग चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत चालतं. माघ-फाल्गुनातल्या लग्नाचा मुहूर्त आधीच्या पाडव्याला घेतलेल्या पंचांगातच सापडतो, म्हणून जानेवारीत ते रद्दीत घालू नका.