थंडा, कोल्ड्रिंक, सोडा, कलर : एकाच बाटलीची अनेक नावं

पाहुणा टेकला की मराठी घरात पहिला प्रश्न येतो, "थंड घेणार की गरम?" गरम म्हणजे चहा, हे वेगळं सांगावं लागत नाही. थंड म्हणजे काय, हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं. आधी सरबत, मग सोडा-लेमन, मग काचेच्या बाटलीतलं रंगीत पेय. 'थंडा' हे नाम याच प्रश्नातून रुळलं, असं मला ठामपणे वाटतं. बाटलीत काय आहे यापेक्षा ते चहा नाही, हे सांगणं जास्त गरजेचं होतं.

सगळीकडे असं झालं नाही. तमिळनाडूत जुन्या पिढीतली माणसं अशा पेयाला 'कलर' म्हणतात, म्हणजे तिथं नाव डोळ्यांनी ठेवलं. दिल्लीत 'बंटा' आणि आंध्रात 'गोली सोडा' ही नावं बाटलीच्या तोंडातल्या काचेच्या गोटीवरून आली, आपला गोटीसोडाही त्याच घरातला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत 'पॉप' म्हणतात, ते बूच उडाल्याच्या आवाजावरून. दक्षिणेत गेलेला मराठी माणूस 'पन्नीर सोडा' ऐकून हमखास दचकतो. तिथं पन्नीर म्हणजे गुलाबपाणी, दुधाच्या पनीराशी त्याचा काही संबंध नाही.

ही गोटीची बाटली इंग्लंडातली, 1870च्या दशकातली. आतल्या वायूचा दाब गोटीला वर ढकलून रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो, त्यामुळे वेगळं बूच लागतच नाही. अंगठ्याने गोटी आत दाबली की फस्सकन आवाज होऊन फेस वर येतो. पिताना बाटली नीट धरली तर गोटी मानेतल्या खाचेत अडकून राहते, चुकीच्या बाजूने धरली तर घसरून तोंड बंद करते. ज्यांनी लहानपणी असा सोडा प्यायला, त्यांची बोटं ही खाच अजून विसरलेली नाहीत.

त्याआधीचं नाव 'विलायती पाणी'. 1886 साली निघालेल्या एका अँग्लो-इंडियन शब्दकोशात सोडावॉटरचं हेच रोजचं नाव म्हणून नोंदलेलं आहे. बूच इतक्या जोराने उडवणारं पाणी पिऊनच साहेब लोक सगळे कष्ट सोसतात, असं मानणाऱ्या एका माणसाचा किस्साही तिथं आहे. पुढे पुण्या-मुंबईत पारशी कारखानदारांनी रासबेरी, जिंजर, लेमन काढलं आणि पाण्याचं विलायतीपण ओसरलं. 'सोडा' शब्द उरला, पण त्याने घोळही ठेवला. स्वयंपाकघरात सोडा म्हणजे खायचा सोडा, पानाच्या ठेल्यावर बिनगोडाचं बुडबुड्यांचं पाणी, गाडीवर लिंबू-मीठ घातलेलं पेय. दंगलीच्या बातम्यांत तर 'सोडावॉटरच्या बाटल्या' दगडांच्या जोडीनेच येत.

'कोल्ड्रिंक'चं वेगळंच आहे. दोन इंग्रजी शब्द चिकटून एक मराठी शब्द झाला. गावोगावच्या 'कोल्ड्रिंक हाउस'च्या पाटीखाली लस्सी मिळते, फालुदा मिळतो, मिल्कशेक मिळतो. बाटली असेलच असं नाही. वर्तमानपत्रांचं 'शीतपेय' याच्याच शेजारी बसतं. इंग्रजीतल्या 'सॉफ्ट ड्रिंक'मधल्या 'सॉफ्ट' शब्दाचा रोख दारू नसण्यावर आहे. आपण तो रोख सोडला आणि थंडपणा धरला.

आता खऱ्या प्रश्नाकडे : एका कंपनीचं नाव सगळ्या बाटल्यांना चिकटतं का? अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याही बाटलीला सर्रास 'कोक' म्हणतात. तिथं "कोक घेणार?" यावर "हो" म्हटलं की "कुठला?" असं विचारतात आणि "ऑरेंज" हे उत्तर चालतं. गंमत म्हणजे कोका-कोला कंपनीला हे लाडकं नाव सुरुवातीला नकोच होतं, कारण नाव सैल झालं की दुकानदार दुसरंच काहीतरी हातात ठेवतो. 1920 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नक्कल करणाऱ्या 'Koke' या स्पेलिंगविरुद्ध कंपनीच्या बाजूने निकाल दिला. 1941 पासून कंपनीने ते टोपणनाव स्वतःच जाहिरातीत घेतलं आणि 1945 मध्ये त्याची नोंदणी केली.

आपल्याकडे असं का झालं नाही? माझं उत्तर आहे, 1977. हे पेय भारतात 1950 पासून बाटलीबंद होत होतं. परकीय चलनाच्या 1973च्या कायद्याने परदेशी भांडवलावर 40 टक्क्यांची मर्यादा आली. नव्या जनता सरकारने भागभांडवलाबरोबर अर्क बनवण्याचं तंत्रही मागितलं, आणि कंपनीने ते देण्याऐवजी देश सोडला. "हाकललं" म्हणणारे आणि "पळाली" म्हणणारे आजही तितक्याच तावातावाने भांडतात. कागदावर पाहिलं तर अट सरकारची होती आणि निर्णय कंपनीचा. मला ती अट चुकीची वाटत नाही. कायदा सगळ्यांना लागू होता, आणि अर्काचं गुपित हा त्यातून सूट मिळण्याचा आधार होऊ शकत नव्हता. सरकारी पावाच्या कंपनीकडून 'डबल सेव्हन' हा देशी कोला बाजारात आणणं ही मात्र चूक होती. सरकारी शिक्क्याने कुणाची तहान भागत नाही, आणि ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

भाषेच्या दृष्टीने पुढची सोळा वर्षं महत्त्वाची. कुठल्याही एका नावाला सगळ्या बाटल्यांवर पसरायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही. थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, कॅम्पा, मँगोला अशी नावं शेजारी-शेजारी नांदली. मळमळलं की लिम्का आणायला पाठवायचे, लग्नात क्रेटमधून गोल्डस्पॉट निघायचा, पण सगळ्यांचं कुळ एकच, थंडा. 1993 मध्ये कंपनी परतली तेव्हा तिने देशी नावं विकत घेतली. हा शब्द मात्र विकाऊ नव्हता. म्हणून नव्या शतकाच्या सुरुवातीला तिने 'थंडा' म्हणजे आपणच, अशी मोठी जाहिरातमोहीम चालवली आणि 200 मिलीची बाटली पाच रुपयांना दिली. जिचं टोपणनाव अमेरिकेत लोकांनी सगळ्या बाटल्यांना दिलं, त्या कंपनीला इथं लोकांचा शब्द मागावा लागला. बाटली खपली, पण "एक थंडा दे" म्हटल्यावर टपरीवाला अजूनही "कुठला?" असंच विचारतो.

उलटा प्रकार एकाच ठिकाणी झाला. शाळेबाहेर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीतल्या रंगीत बर्फाला मुलं 'पेप्सी' म्हणू लागली. त्या कंपनीने असा बर्फ विकला नव्हता. तिचं पेय 1990 मध्ये आलं तेही 'लहर' हा देशी शब्द पुढे लावून, कारण तेव्हा नुसतं परदेशी नाव चालत नव्हतं.

आता नावांची वाटणी करकायदा करतो. 22 सप्टेंबर 2025 पासून साखर किंवा स्वाद घातलेल्या बुडबुड्यांच्या पाण्यावर 40 टक्के जीएसटी आहे, नुसत्या सोड्यावर त्याहून कितीतरी कमी. कायद्याची ही रेघ आपल्या 'सोडा' शब्दाच्या बरोबर मधून जाते. बाटलीबंद साधा सोडा एका बाजूला राहतो आणि बाटलीबंद लेमन सोडा दुसऱ्या.