दुपारी चारला पाय का ऐकत नाहीत

रविवारी दुपारी चारच्या सुमारास लेकीला आणायला बेळगावच्या टिळकवाडीतल्या तिच्या भरतनाट्यमच्या क्लासला गेले आणि दारातच थबकले. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलेला, त्यामुळे मुली सकाळी नऊपासून नाचत होत्या. टीचरांच्या तट्टूकळीचा, म्हणजे ताल धरायच्या लाकडी काठीचा, ठेका सकाळसारखाच खणखणीत होता, पण अरमंडी, म्हणजे गुडघे वाकवून धरलेली अर्धी बैठक, वर सरकली होती. सकाळी गुडघे बाजूला उघडून छान खाली बसणाऱ्या याच मुली आता जेमतेम वाकत होत्या. दोघींचे हात एक मात्रा मागे पडत होते. एक मुलगी तर पाठ असलेल्या जतीत, म्हणजे तालाच्या बोलांवरच्या नाचाच्या तुकड्यात, मधेच थांबली आणि शेजारणीकडे बघायला लागली.

घरी येताना लेकीला विचारलं, "डबा खाल्लास काय गं?"

"वेळ कुठं होता आई? दोन घास खाल्ले की दुपारी."

मी आहारशास्त्र शिकवते. स्नायूंतली साखर कशी साठते, कशी संपते, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. त्या दिवशी तेच चित्र हॉलमध्ये पंधरा मुलींच्या मांड्यांत दिसत होतं. "दमल्या बिचाऱ्या" एवढंच म्हणून ते सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. या दमण्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं आणि त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात असतो.

आपण खाल्लेल्या भात-भाकरीची ग्लुकोज होते. त्यातली काही लगेच वापरली जाते आणि उरलेली ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवली जाते. मोठ्या माणसाच्या स्नायूंमध्ये असं साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, यकृतात शंभरेक ग्रॅम. रक्तात फिरणारी साखर मात्र कोणत्याही क्षणी चार-पाच ग्रॅमच, म्हणजे चहाचा एक चमचा. आपल्या वाढत्या वयाच्या मुलींची कोठारं याहून लहान असतात. चरबीचा साठा प्रत्येकाकडे भरपूर असतो, पण ती हळू जळते. तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचे मूळ प्रकार, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात जलद काळात करायचे असतात तेव्हा स्नायूला झटपट इंधन लागतं आणि ते ग्लायकोजेनच पुरवतं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूपुरतंच असतं. दंडातला साठा मांडीला उसना मिळत नाही. हे ज्या प्रयोगातून स्वच्छ दिसलं तो मी दरवर्षी मुलांना सांगते. १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रम आणि एरिक हुल्टमन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःवरच तो केला. एकच सायकल, एक या बाजूला, दुसरा त्या बाजूला आणि दोघंही एकेकाच पायाने पॅडल मारत होते, अगदी थकेपर्यंत. मग सुईने दोन्ही मांड्यांतले स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. ज्या पायाने काम केलं त्यातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, विसावलेल्या पायातलं जसंच्या तसं. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले, तेव्हा रिकाम्या झालेल्या पायात पहिल्याच्या जवळपास दुप्पट साठा झाला. विसावलेल्या पायात विशेष फरक पडला नाही.

अरमंडीत सगळा भार मांड्यांवर असतो. तासन् तास वाकलेल्या गुडघ्यांवर पाय आपटायचे म्हणजे तेच स्नायू पुन्हा पुन्हा पिळून घ्यायचे. म्हणून बहुतेक मुलींचे हात, मान, डोळे ठीक असतात आणि तरी अरमंडी वर येते. टीचर "बसा, खाली बसा" म्हणतात, मुलगी मनापासून प्रयत्न करते, पण त्या ठिकाणचं कोठार तळाला गेलेलं असतं.

आणि पाठ जती विसरणं? ते रक्तातल्या चमचाभर साखरेशी जोडलेलं असू शकतं. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि जेवणांच्या मधल्या वेळात ती यकृत पुरवतं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गळून गेलेल्या, गोंधळलेल्या काही जणांची साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांना आधी नीट जेवायला आणि वाटेत गोड गोळ्या खायला सांगितलं आणि त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

आता आपल्या मुलींची सकाळ बघा. रात्री साडेआठला जेवण. क्लासला खानापूरकडून येणाऱ्या मुली आहेत, त्या सातची बस गाठायची म्हणून चहा-बिस्किटावर निघतात. रात्रभराच्या उपासात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. म्हणजे पहिल्या नमस्कारालाच कोठार अर्धंमुर्धं. नाचाच्या सरावाला शांत बसण्यापेक्षा साधारण पाचपट ऊर्जा लागते असं धरलं, तर ४५ किलो वजनाच्या मुलीला तासाला सव्वादोनशे किलोकॅलरींच्या आसपास लागतात. मधले थांबे वजा करूनही दिवसभरात पाच तास नाच झाला, तर नाचासाठीच हजाराच्या वर. हा हिशेब ढोबळ आहे, पण दोन घासांच्या डब्यात तो बसत नाही हे कळायला पुरेसा आहे.

सकाळचा नाश्ता क्लासच्या दीड-दोन तास आधी पोटभर व्हावा: पोहे, उप्पीट, इडली, काल रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, जे घरात असेल ते. निघायची घाई असेल तर तोच नाश्ता डब्यात घालून बसमध्ये खाऊ द्या. त्यानंतर मात्र दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं, मूठभर. पोट जड असताना कोणी नाचू शकत नाही. पचनासाठी आतड्याकडे जाणारं रक्त नाचताना स्नायूंकडे वळतं आणि खाल्लेलं तसंच डचमळत राहतं. म्हणून मधल्या वेळी पिष्टमय जास्त आणि तेल-तूप कमी असलेलं खाणं बरं, कारण स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात.

यासाठी आपल्या भागात माझी पहिली पसंती रताळ्याला. बेळगावच्या पश्चिमेला उचगाव-बेळगुंदीकडच्या लाल मातीत रताळी पिकतात, गाड्या भरून उत्तरेकडे जातात आणि आपण मात्र एकादशीलाच त्यांची आठवण काढतो. शंभर ग्रॅम रताळ्यात वीस ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात. त्यात एक गंमतही आहे. रताळ्यात पिष्टाची माल्टोज साखर करणारं विकर (एन्झाइम) असतं आणि साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला ते जोरात काम करतं. चुलीच्या निखाऱ्यात रताळं हळूहळू तापतं, त्या टप्प्यात बराच वेळ राहतं, म्हणून ते इतकं गोड लागतं की सालीबाहेर चिकट पाक येतो. कुकरमध्ये ते चटकन तापतं, विकराला वेळ मिळत नाही आणि गोडी कमी राहते. खाल्ल्यावर रक्तात साखर किती वेगाने चढते तेही यावरून बदलतं. उकडलेल्या रताळ्याची सावकाश चढते, भाजलेल्याची पटकन. म्हणून मी सकाळी डब्यात उकडलेल्या फोडी मीठ-लिंबू लावून देते आणि भाजलेलं असेल तर ते दुपारच्या सत्राच्या आधी खा म्हणून सांगते. रताळी नसतील तेव्हा केळं आहेच. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळतात आणि सोलायला सुरी लागत नाही.

चिरमुऱ्यांबद्दल मात्र सावध करते. आपल्याकडे मधल्या वेळेचं खाणं म्हटलं की चिरमुरे. मोठा वाडगा भरून खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्या वाडग्यात चिरमुरे असतात पंधरा-वीस ग्रॅम आणि त्यातून मिळतात साठ-सत्तर किलोकॅलरी. बाकी सगळी हवा. त्यात मूठभर पुठाणी (भाजलेली हरभऱ्याची डाळ) आणि मूठभर शेंगदाणे पडले की चित्र बदलतं. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, हरभऱ्यात ते चांगलं असतं, दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी भडंगात पुठाणी घातली ती चवीसाठी, पण काम चोख झालं. वरून कांदा आणि लिंबू पिळायचं ते आयत्या वेळी.

आणि लाडू. आमच्या कानडी शेजारणी त्याला उंडी म्हणतात आणि नागपंचमीला त्यांच्या घरी शेंगांच्या, तिळाच्या, पुठाण्याच्या अशा नाना उंड्यांनी डबे भरतात. त्यांच्याकडून शिकून मी क्लासच्या दिवसांसाठी माझा एक लाडू बसवला आहे. शंभर ग्रॅम पुठाण्याचं पीठ, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, पंचवीस ग्रॅम तीळ, पाऊणशे ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे तूप. शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. घाई केली तर साल काळं पडतं आणि आत कच्चट राहतात. एक दाणा बोटांत चोळला की साल आपोआप सुटलं पाहिजे आणि दोन पाकळ्या फिक्या बदामी दिसल्या पाहिजेत. मग फडक्यात चोळून, सुपात पाखडून, जाडसर कुटायचे. तीळ तडतडले की लगेच उतरवायचे. तुपात गूळ नुसता विरघळवायचा, पाक होऊ द्यायचा नाही, नाहीतर लाडू दगड होतात. सगळं कोमट असताना वळायचं. एवढ्यात लिंबाएवढे अकरा लाडू होतात. प्रत्येकातून साधारण १२० किलोकॅलरी आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका थांब्याला एक लाडू आणि वर पाणी, पुरतं.

गोकाकचा करदंटू हा गोड पदार्थ यापेक्षा जड. कानडीत करिद अंटू म्हणजे तळलेला डिंक. त्यात गूळ, खोबरं, काजू-बदाम असतात. लोकांना वाटतं ताकद डिंकाची, पण डिंक हा मुख्यतः तंतुमय पदार्थ आहे आणि लहान आतड्यात तो पचत नाही. ऊर्जा येते ती गूळ आणि सुक्या मेव्यातून. पदार्थ उत्तम आहे, फक्त तो नाच संपल्यावर खायचा.

पाण्याची बाटली मुली आणतात आणि भरलेलीच परत नेतात. घामातून मीठही जातं, म्हणून दुपारी मीठ घातलेलं पातळ ताक किंवा कोकम द्या. डबाबंद एनर्जी ड्रिंक नको, त्यात कॅफीन असतं आणि ते मुलांसाठी नाही.

एवढं करूनही मुलगी सतत दमत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर लाडू वाढवू नका, रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. लोह कमी म्हणजे हिमोग्लोबिन कमी, म्हणजे स्नायूला प्राणवायू कमी, मग कोठार भरलेलं असून उपयोग नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये १६ ते १८ वयाच्या मुलींसाठी दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. शाकाहारातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं आणि चहा ते अडवतो. तेव्हा उसळीवर लिंबू हवं आणि चहा जेवणानंतर तासाभराने. हाडांसाठी खानापूरची नाचणी आहे. तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बाजरी-ज्वारीत इतकं नसतं.

एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून लिहिते. कार्यक्रमाच्या वेशभूषेची मापं घेताना एका मुलीला कोणीतरी म्हणालं, "थोडं कमी खा गं, बारीक दिसशील." ती चौदा वर्षांची आहे. त्या आठवड्यात तिने दुपारचा डबा सोडला. मुलीच्या हाडांचा बहुतेक साठा अठराव्या वर्षापर्यंत तयार होऊन जातो. या वयात नाच भरपूर आणि खाणं तोकडं असलं की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी लांबते, हाडं भरत नाहीत, नाचताना पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं आणि त्यात नर्तकीही येतात. तीन महिने पाळी आली नाही तर "सरावाचा ताण असेल" म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि मुलीच्या अंगाबद्दल तिच्यासमोर असं कोणी बोललं, तर तिथंच अडवा.

शेवटचा घास संध्याकाळचा. रिकामं झालेलं कोठार व्यायामानंतरच्या पहिल्या काही तासांत सगळ्यात वेगाने भरतं आणि पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो. सोमवारी शाळा आणि पुन्हा संध्याकाळी क्लास असेल तर रविवारची रात्र वाया घालवून चालत नाही. लेक घरी येते, घुंगरं खुंटीला अडकवते आणि सोफ्यावर तशीच झोपून जाते, रात्रीचं जेवण राहतं. म्हणून आता गाडीतच तिच्या हातात केळं आणि गुळाच्या दुधाची बाटली देते. दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी अडकली की तेवढ्यात ती संपते. मग घरी आल्यावर ती अर्धा तास झोपली तरी चालतं. भात, आमटी आणि मटकीची उसळ झाकून ठेवलेली असते, साडेआठला मी तिला उठवते.