ओबामाकेअर नको, कनेक्ट चालेल

२०१३ चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या केंटकी राज्याची मोठी जत्रा भरलेली, आणि तिथे एका स्टॉलवर सरकारी कर्मचारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘कनेक्ट’ नावाच्या नव्या आरोग्य विमा योजनेबद्दल सांगत होते. एक मध्यमवयीन गृहस्थ आले, सगळं नीट ऐकून घेतलं, त्यांना ते आवडलंही, आणि मग म्हणाले की हे त्या ओबामाकेअरपेक्षा बरं असलं म्हणजे मिळवली. एक पत्रकार तिथे होता म्हणून हा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला. मुद्दा असा की कनेक्ट म्हणजेच ओबामाकेअर. ओबामाकेअर हे मार्च २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या आरोग्य विमा कायद्याचं बोलीतलं नाव. त्या कायद्यानुसार लोकांना विमा घेता यावा म्हणून राज्याराज्यात ऑनलाइन बाजार उभे राहणार होते, केंटकीने आपल्या बाजाराला स्वतःचं वेगळं नाव दिलं, बस.

एका माणसाचं सोडा. मे २०१४ मध्ये मॅरिस्ट कॉलेज आणि एनबीसी न्यूजने केंटकीत पोल घेतला. ओबामाकेअरबद्दल वाईट मत असणारे ५७ टक्के, कनेक्टबद्दल वाईट मत असणारे २२ टक्के. राज्य तेच, लोक तेच.

आता हा सगळा नावाचा परिणाम आहे हे सिद्ध कसं करायचं? कारण कोणी म्हणेल की लोकांनी कनेक्टबद्दल ऐकलंच नसेल, ओबामाकेअरबद्दल मात्र रोज टीव्हीवर ऐकलं असेल. यासाठी सर्व्हेवाले एक साधी पण भारी युक्ती वापरतात. फोनवर येणाऱ्या लोकांचे नशिबाने, म्हणजे नाणं उडवल्यासारखे, दोन गट पाडायचे. अर्ध्यांना एका शब्दात विचारायचं, उरलेल्यांना दुसऱ्या शब्दात, बाकी प्रश्न अगदी तोच. गट नशिबाने पडलेत म्हणजे म्हातारे, तरुण, गरीब, श्रीमंत, या पक्षाचे, त्या पक्षाचे दोन्हीकडे साधारण सारखेच येतात, मग उत्तरात मोठा फरक पडला तर तो त्या शब्दामुळेच पडला असं म्हणता येतं. औषधाची चाचणी याच पद्धतीने होते, इथे औषधाच्या जागी एक शब्द आहे इतकंच.

सीएनबीसी या टीव्ही वाहिनीने सप्टेंबर २०१३ मध्ये नेमकं हेच केलं. ‘ओबामाकेअर’ म्हटल्यावर विरोध ४६ टक्के. त्याच कायद्याचं सरकारी नाव ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ घेतल्यावर विरोध ३७ टक्के. पण बऱ्याच बातम्या इथेच थांबल्या आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ओबामांचं नाव घेतल्यावर पाठिंबासुद्धा वाढला, २२ वरून २९ टक्के! म्हणजे त्या नावाने नुसता राग वाढला नाही, दोन्ही बाजू जाग्या झाल्या. आणि सरकारी नाव ऐकल्यावर ३० टक्के लोक म्हणाले की हे काय आहे ते माहीत नाही, ओबामाकेअरच्या बाबतीत असं म्हणणारे १२ टक्केच होते.

यावरून लोकांना अडाणी म्हणायची घाई करू नका. तो कायदा नऊशेच्या वर पानांचा आहे, नोकरी, पोरं, घर सांभाळून ती पानं कोण वाचणार. मग माणूस जवळचा रस्ता धरतो, कायदा कोणी आणला, माझ्या विश्वासातले लोक त्याबद्दल काय बोलतात, यावरून मत बनवतो. रोजच्या शंभर निर्णयांत आपण हेच करतो आणि बहुतेक वेळा ते चालूनही जातं.

पण नावाचा गोंधळ काढून टाकला तरी मत पक्कं असतं का? जानेवारी २०१९ मध्ये कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यविषयक सर्व्हे करणाऱ्या संस्थेने ‘मेडिकेअर फॉर ऑल’, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा, यावर लोकांना विचारलं. पाठिंबा ५६ टक्के. मग सांगितलं की यामुळे आरोग्य विमा हा प्रत्येकाचा हक्क बनेल, पाठिंबा ७१ वर गेला. जास्त टॅक्स भरावा लागेल असं सांगितलं की ३७, खाजगी विमा कंपन्या बंद होतील म्हटलं तरी ३७, आणि काही टेस्ट आणि उपचारांना उशीर होऊ शकतो म्हटल्यावर थेट २६. आता यातला खरा आकडा कोणता? माझ्या मते सगळेच खरे. हजार-बाराशे लोकांच्या सॅम्पलमध्ये तीन-चार टक्के इकडेतिकडे होतातच, ते गणिताने मोजता येतं, पण ७१ आणि २६ मधली दरी सॅम्पलमुळे नाही पडत, ती कुठली बाजू लोकांसमोर ठेवली त्यामुळे पडते. म्हणून ‘इतके टक्के जनता सुधारणेच्या बाजूने’ अशी बातमी दिसली की आधी प्रश्न शोधा, शब्दशः काय विचारलं होतं ते.

याचं सगळ्यात अवघड रूप त्या २०१० च्याच कायद्यात दिसतं. आधीपासून आजार असलेल्या माणसाला विमा नाकारता येणार नाही, ही तरतूद लोकांना प्रचंड आवडली, अगदी कायद्याच्या विरोधकांपैकी कितीतरी जणांनाही. प्रत्येकाने विमा घ्या नाहीतर दंड भरा, ही सगळ्यात नावडती. पण विम्याच्या हिशोबात या दोन्ही एकमेकीला बांधलेल्या होत्या. आजारी पडल्यावरही त्याच भावात विमा मिळणार असेल तर धडधाकट माणूस कशाला आधीपासून पैसे भरेल, तो थांबणार, मग विम्यात उरणार जास्तकरून आजारी लोक, खर्च वाढणार, प्रीमियम वाढणार, आणि त्यामुळे अजून काही धडधाकट बाहेर पडणार. सर्व्हेत मात्र दोन तरतुदी दोन वेगळे प्रश्न म्हणून येतात. (२०१७ च्या टॅक्स कायद्याने तो दंड २०१९ पासून शून्य केला, तरी बाजार कोसळला नाही, कारण बऱ्याच लोकांच्या प्रीमियमचा मोठा भाग सरकार भरत होतं.)

मग येतं २०१७. कैसरवाले वर्षानुवर्षं जवळपास त्याच शब्दांत विचारत आलेत की या कायद्याबद्दल तुमचं मत चांगलं की वाईट. नोव्हेंबर २०१३ मध्ये, विमा घ्यायची सरकारी वेबसाइट बंद पडत होती आणि अनेकांच्या जुन्या पॉलिसी रद्द होत होत्या तेव्हा, चांगलं म्हणणारे ३३ टक्के होते. २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्ष कायदा रद्द करायला निघाला, २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, त्याच पक्षाचे मॅककेन यांच्या विरोधी मतामुळे तो प्रयत्न ५१ विरुद्ध ४९ ने पडला, आणि त्याच वर्षी चांगलं म्हणणारे निम्म्याच्या वर गेले. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की तेवढंच काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातातलं जाण्याचं दुःख मोठं असतं. फक्त तेवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही, रिपब्लिकन ट्रम्प निवडून आल्यावर ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदारही या कायद्यामागे एकवटले. पण फोनवरचा प्रश्न बदलला नव्हता. २०१३ मध्ये लोक या कायद्याची तुलना आपल्या जुन्या पॉलिसीशी करत होते, २०१७ मध्ये तो नसण्याशी.